कोकणातल्या खुराड्याला फवारा नको, वारा द्या

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यात राहतो. घरामागे परसात सतरा कोंबड्या होत्या. दहा गावठी, पाच जड अंगाच्या गिरिराज आणि दोन ऱ्होड आयलंड रेड जातीच्या. खुराडं चार बाय पाच फुटांचं, तीन बाजूंनी चिऱ्याचं, वर पत्रा आणि पुढे फळ्यांचं दार. मे लागल्यापासून सगळ्या दिवसभर चोची उघड्या टाकून धापा टाकतात. गेल्या आठवड्यात दोन गिरिराज गेल्या. एक दुपारी चारच्या सुमाराला अंगणात पडली, दुसरी रात्री खुराड्यातच. सकाळी दार उघडलं तर ताठ. मोबाईलवर व्हिडिओ बघून मुलाने खुराड्यात ओली गोणपाटं लावली आणि दिवसातून चार वेळा पाण्याचा फवारा मारतो. तरी धाप कमी नाही, उलट वाढल्यासारखी वाटते. अंडी निम्म्यावर आली, येतात तीही पातळ कवचाची. सासूबाई म्हणतात ही मानमोडी (राणीखेत रोग) आहे, आता एकही वाचायची नाही. यजमान मुंबईला असतात, ते म्हणतात सगळ्या विकून टाक. काही औषध आहे का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : ताई, पहिलं काम म्हणजे तो फवारा बंद करा. मुलावर रागावू नका. त्याने चांगल्या मनाने केलं आणि तो उपाय खोटाही नाही, फक्त तो तुमच्या हवेचा नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी ठाक असते. तिथे ओलं गोणपाट टांगलं की पाणी भराभर सुकतं, सुकताना हवेतली उष्णता ओढून घेतं आणि आत येणारी झुळूक गार लागते. कूलर चालतो तो असाच. मालवणात पारा ३४-३५ च्या पुढे क्वचित जातो, पण हवा आधीच पाण्याने भरलेली असते. माठातलं पाणी विदर्भात दात शिवशिवण्याइतकं गार होतं आणि तुमच्याकडे त्याचा कोमटपणा तेवढा जातो, त्याचंही कारण हेच. खुराड्यात मारलेला फवारा सुकत नाही, तो आतली हवा आणखी दमट करून ठेवतो.

आणि दमट हवा हीच कोंबडीची खरी अडचण. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश. ते वर सरकायला लागलं की ती आधी पंख अंगापासून थोडे सुटे धरते, तुरा आणि चोचीखालची लाल लोंबती कातडी रक्ताने भरून घेते. तिथून आणि पायांतून उष्णता बाहेर जाते. एवढ्याने भागलं नाही की धाप सुरू होते. धापेत घशातला आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत सोडून ती गार होते. म्हणजे आपण घामाने करतो ते ती श्वासाने करते. आता हवेलाच आणखी पाणी घ्यायची जागा उरली नसेल तर तिने कितीही धापा टाकल्या तरी उपयोग थोडा, आणि धापा टाकायच्या श्रमाने अंग आणखी तापतं ते वेगळंच. हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान ४० अंशांना पोहोचल्यावर होतो, किनारपट्टीवर ३७ लाच.

आता वाऱ्याचं बघा. कोंबडीचं अंग ४१ अंशांचं. नागपुरात ४५ च्या दुपारी नुसता पंखा लावला तर तो तिच्या अंगापेक्षा तापलेली हवा तिच्यावर फेकेल. तिथे पाण्याशिवाय पंखा कामाचा नाही. तुमच्याकडे हवा ३४ ची, म्हणजे तिच्या अंगापेक्षा सात अंशांनी थंडच. ती नुसती हलती राहिली तरी प्रत्येक झुळकीबरोबर थोडी उष्णता निघून जाते. तुमच्या कोंबड्यांना पाणी प्यायला हवं आणि अंगाला वारा हवा. एवढं धरून चाललात की पुढचं बरंचसं तुमचं तुम्हालाच सुचेल.

खुराड्याबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचं आहे. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलं ते फळ्यांचं दार. वीस चौरस फुटांत सतरा कोंबड्या, तीन बाजूंना दिवसभर उन्हात भाजलेला चिरा, वर तापलेला पत्रा, आणि तिन्हीसांजेला दार घट्ट बंद. चिरा दिवसभर खाल्लेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतो. त्यात एक मोठी कोंबडी नुसती बसल्या जागी दहा वॅटच्या आसपास उष्णता सोडते. सतराजणी म्हणजे शंभर वॅटचे जवळजवळ दोन पिवळे दिवे रात्रभर आत पेटते ठेवून दार लावून घेतल्यासारखं झालं. वर त्यांच्या श्वासातला ओलावा आहे, विष्ठेतला ओलावा आहे. दिवसा तापलेल्या कोंबडीला थंड व्हायला रात्रच मिळते, आणि तीच आपण तिला देत नाही. रात्री गेलेली गिरिराज याच कोंडमाऱ्यात गेली, असंच मला वाटतं.

दार फळ्यांचं का केलं असेल तेही कळतं. मुंगूस, उदमांजर, कोल्हा, भटकी कुत्री. परसात कोंबड्या ठेवायच्या तर रात्रीचा बंदोबस्त हवाच. पण बंदोबस्ताला फळी लागत नाही, जाळी पुरते. अर्ध्या इंची चौकोनांची वेल्डेड जाळी घ्या आणि दाराच्या चौकटीत फळ्यांऐवजी ती ठोकून घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त पडते, पण कुत्रा ती दातांनी उचकटतो आणि बारका साप सरळ आत जातो. नुसतं दार बदलूनही भागणार नाही. वारा एका बाजूने आत आला तर दुसरीकडून बाहेर पडायला वाट हवी, म्हणून समोरच्या भिंतीतला पत्र्यालगतचा एखाद-दुसरा चिरा काढून तिथेही जाळी बसवा. गरम हवा वर साचते, ती तिथून निघून जाईल.

दिशा बघून करता आलं तर उत्तमच. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि रात्री मतलई वारे पूर्वेकडून समुद्राकडे जातात, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. खुराड्याची मोकळी तोंडं पूर्व-पश्चिम असली की दोन्ही वेळचा वारा फुकटात मिळतो. पश्चिमेचं दुपारचं ऊन तेवढं अडवायला हवं. त्या बाजूला हातभर अंतर सोडून एक झाप, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा विणलेला तट्टा, उभा करा. भिंतीला चिकटवू नका, नाहीतर वारा अडेल.

पत्र्यावरही झापच घाला, पण मध्ये बांबूचे तुकडे ठेवून वीतभर पोकळी सोडा. झाप थेट पत्र्यावर पसरले की तेही तापतात आणि ती उष्णता आत उतरते. पोकळीतून वारा खेळला की पत्रा खरोखर निवतो. झाप मिळत नसतील तर पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्या. आणि मुलाला पाणी मारायचीच हौस असेल तर दुपारी पत्र्यावर बाहेरून मारू दे. तिथे ते चालतं, कारण पत्रा इतका तापलेला असतो की दमट हवेतही पाणी त्याच्यावरून लगेच उडतं. मे महिन्यात विहिरीला तेवढं पाणी असलं तर, अर्थात.

आतली जागा कमी आहे हे तर उघडच आहे. आता पंधरा उरल्यात. त्यांतल्या पाच-सहांना पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला जाळीच्या वेगळ्या पिंजऱ्यात रात्री बसवा. खुराड्यात जमिनीपासून फूट-दीड फुटावर दांड्या लावा म्हणजे त्यांच्या अंगाखालूनही हवा जाईल. गिरिराजसाठी दांडी जरा खालीच ठेवा, त्यांना उंच उडता येत नाही. खालचा तुसाचा थर उन्हाळ्यात दोन बोटांहून जाड नको. जाड थर आतल्या आत कुजतो आणि कुजताना तापतो. पहाटे नाक घालून बघा. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तूस त्याच दिवशी बदला.

घरात टेबल फॅन असेल तर रात्री दहापर्यंत जाळीबाहेरून लावा. वायर चोचीच्या टप्प्यात येऊ देऊ नका.

दिवसाचं सांगायचं तर, अंगणात कोंडू नका. झाडाखाली सोडा. फणस, आंबा, काजू, जे असेल ते. तुमच्याकडे माड असतीलच. दुपारी गावठी कोंबड्या कुठे जातात ते एकदा शांतपणे बघा. शिंपण्याच्या दुसऱ्या दिवशी माडाचं आळं वरून सुकलेलं आणि खाली ओलं असतं. कोंबडी तिथे जाते, नखांनी वरची माती उकरते, खालची गार माती लागली की छाती आणि पोट तिला टेकवून पसरते, पंख थोडे उघडे, डोळे अर्धे मिटलेले. इथे पाण्याला हवेत सुकायची गरज नसते. मातीच तिच्या अंगातली उष्णता शोषते. म्हणून मी म्हणते, फवाऱ्याचं पाणी खुराड्यात घालवण्यापेक्षा सकाळी दोन आळी भिजवा, माडालाही मिळेल.

पिण्याच्या पाण्याकडे मात्र कंजूषपणा नको. एक कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, अशा दिवसांत त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मातीचे परळ सावलीत ठेवा, एक नव्हे, तीन-चार ठिकाणी. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी बाकीच्यांना हाकलते आणि गरीब कोंबडी धापा टाकत लांब उभी राहते. दुपारी बारा आणि तीनला पाणी बदला, कारण कोमट झालेलं पाणी त्या पीत नाहीत, नुसती चोच बुडवून सोडून देतात. पाईपमधलं पहिलं तापलेलं पाणी झाडाला घाला आणि मग परळ भरा. एखादा उथळ तसराळा असा ठेवा, की त्यात त्यांना पायांच्या नळ्या बुडेपर्यंत उभं राहता येईल. पायांतून उष्णता चांगली जाते.

खाण्याची वेळ बदला. अंगणात पडलेली गिरिराज चारला पडली म्हणता. दुपारी जेवणं झाल्यावर उरलेला भात आणि दाणे टाकायची पद्धत तुमच्याकडेही असेल, तर ती या महिन्यापुरती थांबवा. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते आणि तिचा जोर खाल्ल्यानंतर काही तासांनी येतो. अकराला भरपेट खाल्लेलं दुपारी दोन-तीनला, म्हणजे नेमकं नको तेव्हा बाधतं. म्हणून पहाटे उजाडताच खायला द्या, दहाच्या आत आवरा, आणि पुन्हा साडेपाच-सहानंतर द्या. दुपारी कलिंगडाची साल, काकडी, माठ-मुळ्याचा पाला चालेल. खारवलेल्या सुक्या मासळीचं उरलंसुरलं या दिवसांत अजिबात घालू नका. मिठाने तहान वाढते, विष्ठा पातळ होते आणि खुराडं ओलं होतं.

अंड्यांचं कारणही धापेतच आहे. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि कवच बनवायला जो कार्बोनेट लागतो तो त्यातूनच येतो. शिवाय ती खातेच कमी, म्हणजे पोटात कॅल्शियमही कमी जातं. तिसऱ्या (खायचे शिंपले) आणि कालवं यांच्या शिंपल्या तुमच्या घरात हव्या तेवढ्या असतील. धुऊन, भाजून, मोहरीपेक्षा जरा मोठ्या दाण्याएवढ्या कुटा आणि संध्याकाळी वेगळ्या वाटीत ठेवा. कवच मुख्यतः रात्री बनतं. हव्या तेवढ्या ती उचलेल, खाण्यात मिसळायची जबरदस्ती नको. मात्र उकाडा आहे तोवर अंडी पूर्ववत होतील अशी आशा धरू नका. एखादी अंड्यांवर खुडूक बसली असेल तर ती तहानेनेही उठत नाही. तिची पाटी खुराड्यातून हलवून पडवीत ठेवा आणि पाणी तिच्या चोचीच्या टप्प्यात ठेवा. बाकीची अंडी दिवसातून दोनदा उचला. घरात कोंबडा असेल तर या हवेत फळलेल्या अंड्यात वाढ सुरू होते, आणि चार दिवसांनी फोडलं की त्यात लाल रेषा दिसतात.

आता सासूबाईंची शंका. ती हसण्यावारी न्यायची नाही, मानमोडीने गावंच्या गावं रिकामी झालेली त्यांनी पाहिली असतील. पण उन्हाने येणारं आणि मानमोडीने येणारं मरण वेगवेगळं दिसतं. उन्हाचा बळी बहुधा दुपारी उशिरा किंवा त्या रात्री जातो, तोही सर्वांत जड, सर्वांत चांगली खाणारी कोंबडी, सकाळपर्यंत ठणठणीत असलेली. तुमच्या दोन्ही गिरिराजच गेल्या, दहा गावठींतली एकही नाही, हे बोलकं आहे. मानमोडी वजन बघून निवडत नाही. त्यात हिरवट-पांढरी हगवण होते, घशात घरघर येते, पंख किंवा पाय लुळे पडतात, मान पिळवटते, आणि सकाळी गारव्यातही कोंबडी मलूलच असते. आजार चार-आठ दिवसांत एकीवरून दुसरीवर जातो. उकाड्यात धापा टाकणारी कोंबडी पहाटे पाचला बघा. ती नीट उभी असेल, खात असेल. तुमच्या कोंबड्या पहाटे कशा असतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. उद्याच बघा. वरची लक्षणं दिसली किंवा आणखी एक-दोन झटपट गेल्या तर ताजी मेलेली कोंबडी पिशवीत नीट बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. आपोआप मेलेली कोंबडी शिजवू नका, कारण काहीही असो. खोल खड्डा, वर चुना.

मानमोडीची लस दिलेली नसेल तर ती द्यायलाच हवी, पण धापा टाकणाऱ्या कोंबडीला भर उकाड्यात नको. डॉक्टरांना विचारून गारव्याचे दिवस धरा, पहाटेची वेळ ठरवा, आणि लस बर्फातून आणा. तापलेली लस टोचली काय आणि नुसतं पाणी टोचलं काय, सारखंच.

औषध विचारलंत. उकाड्यावर औषध नाही. दुपारच्या तीन-चार तासांपुरतं इलेक्ट्रोलाइटचं पाणी देता येतं. दुकानात कोंबड्यांसाठी ‘क’ जीवनसत्त्व घातलेली पावडर मिळते. नसेल तर माणसांचं ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि शेजारी साधं पाणीही हवंच. संध्याकाळी उरलेलं ओतून टाका, आंबतं. अँटिबायोटिक कोणी सुचवलं तर घेऊ नका. उन्हाला त्याचं काय?

एखादी पडलीच तर काय करायचं ते मुलाला दाखवून ठेवा, कारण तेव्हा पत्र वाचायला वेळ नसतो. मान पुढे ताणलेली, डोळे मिटत आलेले, तुरा काळपट, हाक मारली तरी हलत नाही, अशी दिसली की सावलीत आणा. बादलीत विहिरीचं साधं पाणी, बर्फाचं नव्हे, घेऊन तिला मांड्यांपर्यंत त्यात उभी धरा. पंख उचलून खालची पिसं बोटांनी फाकवा आणि कातडीपर्यंत पाणी पोहोचू द्या. वरची पिसं तेवढी भिजवली तर पाणी ओघळून जातं आणि आत काहीच होत नाही. मग पंख्यासमोर धरा, नसेल तर सुपाने वारा घाला. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, शुद्ध असेल तर ती आपणच गिळेल. दहा-पंधरा मिनिटांत मान सावरली तर वाचली. त्या रात्री तिला वेगळी, पडवीत ठेवा.

सर्वांत वाईट दिवस अजून पुढे आहेत. मे अखेरीला आभाळ भरून येतं, वारा पडतो, पाऊस मात्र येत नाही, आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. ऊन कमी दिसतं म्हणून माणूस गाफील राहतो, आणि कोंबड्या अशाच दिवशी जातात. त्या दिवसांत दुपारी कोंबडी पकडू नका, पळवू नका, पिंजऱ्यात भरू नका. पहिला मोठा पाऊस झाला की पत्र्यावरचे झाप उतरवा. ओले झाप कुजतात, त्यात साप बसतो, आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण सुरू होते.

आणि विकायचं म्हणाल तर यजमानांचं अर्धं बरोबर आहे. गावठी विकू नका, त्या तुमच्या हवेच्या आहेत आणि या उन्हाळ्यात एकही गेली नाही. ऱ्होड आयलंड रेड दोनच आहेत, त्या सांभाळून निघतील. गिरिराज अंगाने जड, त्यांना दर मे महिन्यात हेच होणार. उरलेल्या तिघी दिवाळीनंतर विका आणि पुढे घ्यायच्याच झाल्या तर हलक्या अंगाच्या घ्या. आत्ता मात्र कोणी व्यापारी दुपारी मोटारसायकलवर डालगं घेऊन आला, तर त्याला पहाटे यायला सांगा. नाहीतर त्यातल्या निम्म्या कुडाळ गाठायच्या आत मरतील आणि पैसे तो तुम्हालाच परत मागेल.